पाण्याचा हिशेब शेवटच्या घरापासून : सोलापुरात आपल्या बोळाचा अभ्यास आणि जाहीर संवाद कसा करायचा

एका बोळात उभं राहून तीन घरांत विचारा, "पाणी किती दिवसांनी येतं?" पहिलं घर म्हणेल तीन दिवसांआड, दुसरं म्हणेल चार दिवसांनी, तिसरं म्हणेल पाचव्या दिवशी. तिघंही खरंच सांगत असतात. सोमवारी आलेलं पाणी पुन्हा शुक्रवारी आलं, तर मधले कोरडे दिवस तीन, अंतर चार दिवसांचं आणि सोमवार धरून मोजलं तर शुक्रवार पाचवा. महापालिकेच्या बैठकीत नेमका हाच घोळ होतो. अभियंता म्हणतो तीन दिवसांआड देतोय, आपण म्हणतो पाचव्या दिवशी येतं. दोघं एकाच शुक्रवारबद्दल बोलत असतात, पण बैठकीचा अर्धा तास त्यातच जातो.

म्हणून अभ्यासाची सुरुवात वहीपासून करायची. पाण्याची तारीख, पाणी आलं ती वेळ, गेलं ती वेळ. "किती दिवसांनी" हा प्रश्न विचारायचाच नाही. तारखा लिहून घ्यायच्या आणि अंतर नंतर काढायचं.

हा लेख सोलापुरातल्या अशा लोकांसाठी आहे ज्यांना आपल्या बोळाचं, गल्लीचं, नगराचं दुखणं नीट मोजून लोकांसमोर आणि महापालिकेसमोर मांडायचं आहे. मी पूर्व भागात राहतो आणि आमच्याकडे हे काम आम्ही पाण्यापासून सुरू केलं, म्हणून उदाहरण पाण्याचं घेतो. कचरा, ड्रेनेज, बससेवा, रस्त्यावरचे दिवे यांच्यासाठीही पद्धत बरीचशी हीच लागते.

आधी शहराचं पाणी समजून घ्या

सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून येतं. पहिलं उजनी धरण. तिथून शंभर किलोमीटरपेक्षा लांबून जलवाहिनीने पाणी पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. दुसरं टाकळी. उजनीतून भीमेच्या पात्रात सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडतं, टाकळीहून उचललं जातं आणि सोरेगावच्या केंद्रात शुद्ध होतं. तिसरा हिप्परग्याचा तलाव, म्हणजे एकरुख तलाव. त्याचं पाणी भवानी पेठेच्या केंद्रात येतं. नदीतून सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, तापतं, उडून जातं, उपसलं जातं; त्यामुळे शहराला घोटभर मिळावं म्हणून पात्रात कितीतरी जास्त सोडावं लागतं. उजनीहून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकण्यामागचं मोठं कारण हेच.

आपल्या भागात यातलं कोणतं पाणी येतं आणि ते कोणत्या उंच टाकीवरून सुटतं, हे पहिल्याच आठवड्यात शोधून काढा. चावीवाल्याला, म्हणजे लाइनवरची चावी (व्हॉल्व्ह) फिरवून पाणी सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाला, हे तोंडपाठ असतं. आमच्या कामात सगळ्यात जास्त माहिती त्याच्याकडूनच मिळाली, आणि आधी ती त्याला कुणी विचारलीच नव्हती.

आता न्यायाचा भाग. पाण्याची चर्चा निघाली की आपण थेट उजनीवर जातो. धरणात किती टक्के, पाळी कधी सुटणार, जलवाहिनी कुठे फुटली. ते सगळं महत्त्वाचं आहे. पण एकाच टाकीवरून, एकाच वेळी सुटलेलं पाणी बोळाच्या तोंडाशी धो धो येतं आणि शेवटच्या घरी करंगळीएवढी धार येते, याला उजनी जबाबदार नाही. ही विषमता आपल्या दारात आहे, आपण ती मोजू शकतो आणि बऱ्याच वेळा ती कमी खर्चात कमीही करता येते. माझं म्हणणं एवढंच की मोजणी शेवटच्या घरापासून सुरू करा.

पहिलं काम : प्रश्न लहान करा

"सोलापूरचा पाणीप्रश्न" हा अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही. "आमच्या चावीवर असलेल्या १२० घरांपैकी पहिल्या आणि शेवटच्या घरांना मिळणाऱ्या पाण्यात किती फरक आहे, आणि तो का?" हा होऊ शकतो. याचं उत्तर आठ आठवड्यांत, दहा-बारा माणसांत, हजार-दोन हजार रुपयांत मिळतं.

घरं मोजताना एक काळजी घ्या. दार एक असलं तरी आत चुली किती हे विचारा. जुन्या वाड्यात एका नळावर चार-पाच चुली असतात आणि भाडेकरूंचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे "दर माणशी इतकं पाणी" असा कोणताही सरकारी आकडा समोर आला की त्यात माणसं किती धरली आहेत, हे विचारायलाच हवं. आपल्या बोळातली माणसं मात्र आपण खरी मोजू शकतो.

दुसरं काम : कागद गोळा करा

कागद आधी मागवा, कारण ते यायला वेळ लागतो. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. अर्जाला १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. न मिळाल्यास किंवा अपुरं मिळाल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. पाणी आणि ड्रेनेज एकाच अर्जात घातलं, तर अर्ज अडकवायला आयतं कारण मिळतं.

"का" असं विचारू नका. "आमच्याकडे पाणी कमी का येतं?" याला माहिती अधिकारात उत्तर देणं बंधनकारक नाही, नोंदी द्याव्याच लागतात. म्हणून असं लिहा : "अमुक टाकीवरून मागील तीन महिन्यांत पाणी सोडल्याच्या व बंद केल्याच्या वेळांची नोंदवही, या टाकीवरील चाव्यांची यादी व प्रत्येक चावीवरील भाग, मागील तीन महिन्यांतील ओटी चाचणीची (पाण्यातील क्लोरिनच्या तपासणीची) नोंदवही आणि गळतीच्या तक्रारींची नोंदवही, यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात." नोंद ठेवलेलीच नसेल तर तसं लेखी उत्तर येतं, आणि तेही बैठकीत मोठ्या कामाचं असतं. प्रत्येक पानाला दोन रुपये पडतात. पानं खूप होणार असतील तर आधी नोंदवही प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा आणि हवी तीच पानं काढून घ्या.

तिसरं काम : पायी फिरा

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा नगररचनाकार १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. इथल्या गावांचे अहवाल लिहिण्याआधी तो ती गावं पायी फिरायचा. आधी निदान, मग उपचार, असा त्याचा आग्रह होता. रस्ता सरळ करण्यासाठी अख्खी आळी पाडण्याऐवजी दोन-चार पडकी घरं काढून काम भागतं का, हे तो बघायचा. शंभर वर्षांनी आपल्याला त्याच्याकडून घ्यायचं आहे ते चालणं.

पाणी सुटणार त्या पहाटे चावीपासून शेवटच्या घरापर्यंत चाला. साध्या कागदावर हाताने नकाशा काढा. चावी कुठे, लाइन कुठून वळते, रस्त्याचा चढ-उतार, गळती, सार्वजनिक नळ, बोअर, हापसा, टँकर थांबतो ती जागा, ड्रेनेजची लाइन पाण्याच्या लाइनला कुठे छेदते. आणखी एक गोष्ट बघा : खड्ड्यातले नळ. दाब कमी असला की लोक जमीन खोदून नळ खाली घेतात. एका घराने खोदलं की पुढच्याला त्याहून खोल खोदावं लागतं. बोळात खड्डे जसजसे खोल होत जातात, तसतसा दाब कमी झालेला आहे, हे नकाशावर न मोजताही दिसतं. खड्ड्याची खोली टेपने मोजून लिहा.

त्या पहाटेच पाणी पोचण्याची वेळ टिपा. चावी ५ वाजता फिरली, पहिल्या घरी ५ वाजून २ मिनिटांनी आलं, मधल्या घरी सव्वापाचला, शेवटच्या घरी साडेपाचला. हा अर्धा तास पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

माणसं आणि भाषा

पूर्व भागात नुसत्या मराठी प्रश्नावलीने काम होत नाही. घरात तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू. आमची पहिली फेरी यामुळेच वाया गेली. आम्ही भर दुपारी मराठी कागद घेऊन गेलो. घरात आजी होत्या, उत्तरं शाळेत जाणाऱ्या नातवाने दिली आणि पाणी भरतं कोण, या प्रश्नाला "सगळे" असं लिहिलं गेलं. दुसऱ्यांदा तेलुगू बोलणाऱ्या दोन अक्का बरोबर आल्या. त्याच आजी अर्धा तास बोलल्या, आणि पाणी भरायला पहाटे साडेचारला सून उठते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, हे कळलं.

प्रश्न तेलुगू-कन्नडमध्ये करून झाले की ते न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मराठीत करून घ्या. अर्थ बदललेला असेल तर तिथेच सापडतो. गटात निम्म्याहून जास्त स्त्रिया असू द्या, कारण पाण्याची खरी नोंद त्यांच्या डोक्यात असते. कॉलेजची मुलं घ्या, पण प्रत्येक मुलाबरोबर त्याच बोळातलं एक मोठं माणूस द्या.

या पद्धतीला आपल्या राज्यात मागचा आधार आहे. १९८५ मध्ये मुंबईत स्पार्क या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची मोजणी केली, ती त्या कुटुंबांना बरोबर घेऊन. पुकार या मुंबईच्याच संस्थेने २००० नंतर वस्तीतल्या तरुणांना संशोधक म्हणून घडवण्याचं काम केलं. संशोधन करणं हा पदवीधारकांचाच नव्हे, प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, हा तिथला विचार मला पूर्ण पटतो.

तारखा ठरवताना शहराचं पंचांग बघा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, रमजानचा महिना. या दिवसांत पाणी वापरण्याची रीत बदलते, सोडण्याच्या वेळाही बदलतात. ते दिवस हवे तर मुद्दाम वेगळे मोजा, पण नेहमीच्या नोंदीत मिसळू नका. आणि उन्हाळा टाळू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशी ओलांडतं, तेव्हाची नोंदच सगळ्यात जास्त बोलते.

मोजणी : डबा, घड्याळ आणि वही

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. २० लिटरचा एक डबा घ्या. तो खरंच २० लिटरचा आहे का, हे लिटरच्या बाटलीने एकदा भरून पाहा. नळाखाली धरा आणि मोबाइलच्या घड्याळावर भरायला लागलेले सेकंद मोजा. २० गुणिले ६०, भागिले सेकंद. उत्तर मिनिटाला लिटरमध्ये येतं. पाणी आल्यावर दहा मिनिटांनी, मध्यावर आणि जाण्याआधी, असं तीन वेळा मोजा. मोटार लावलेल्या घरी मोटार बंद ठेवून एकदा, चालू ठेवून एकदा.

१२० घरांत प्रत्येक घरी हे शक्य नाही. प्रत्येक चौथं घर घ्या आणि त्याशिवाय प्रत्येक लाइनची शेवटची पाच घरं सगळी घ्या. पाणी येण्याच्या किमान सहा पाळ्या मोजा, म्हणजे चार दिवसांच्या अंतराने साधारण तीन आठवडे होतात.

आता एक हिशेब. हे आकडे समजावण्यापुरते धरले आहेत. बोळाच्या तोंडाशी पाच माणसांचं घर. डबा ४० सेकंदांत भरतो, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. पाणी दीड तास, म्हणजे ९० मिनिटं. एकूण २,७०० लिटर. चार दिवसांनी येतं, म्हणून चारने भागा, मग पाचने. माणशी रोज १३५ लिटर. सांडपाण्याची वाहिनी असलेल्या शहरांसाठी आपल्या देशात जे प्रमाण धरतात ते नेमकं हेच.

त्याच बोळातलं शेवटचं घर. डबा भरायला १६० सेकंद, म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. पाणी अर्धा तास उशिरा पोचतं, म्हणून ६० मिनिटंच मिळतं, ४५० लिटर. माणसं सहा, अंतर तेच. माणशी रोज १९ लिटरही नाही.

दोन्ही घरांची सरासरी काढली तर ७७ येते, आणि असं सरासरी घर त्या बोळात एकही नाही. म्हणून अहवालात सरासरी एकटी कधी देऊ नका. सगळी घरं कमीपासून जास्तीपर्यंत ओळीने लावा, मधल्या घराचा आकडा सांगा आणि सगळ्यात खालची दहा घरं वेगळी दाखवा.

साठवण मोजायला विसरू नका. पहिल्या घरी हौद आहे म्हणून २,७०० लिटर घेता येतं. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणाकार करा. एका घनफुटात साधारण २८ लिटर बसतात. भाड्याच्या खोलीत दोन बॅरल आणि चार घागरी असतील, तर नळाला कितीही पाणी आलं तरी ४५० लिटरच्या पुढे ठेवायचं कुठे? अशा घरासाठी दाब वाढवून फारसं काही होत नाही, अंतर कमी व्हायला हवं.

पाण्यासाठी गेलेला वेळ

हा भाग बहुतेक अहवालांत नसतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विडी वळतात आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून दोन-तीन तास गेले की त्या दिवशी हजार पुरे होत नाहीत. यंत्रमागावर जाणाऱ्या माणसाची पाळी ठरलेली असते; पाणी आठऐवजी दहाला आलं तर घरात कुणाला तरी खाडा करावा लागतो. विचारताना "त्रास होतो का?" असं विचारू नका, सगळे "हो" म्हणतील. "मागच्या वेळी पाणी आलं त्या दिवशी विड्या किती झाल्या? त्याच्या आदल्या दिवशी किती?" असं विचारा. टँकर, जार, बोअरवाल्याला दिलेले पैसे, मोटारीचं वीजबिल, हेही लिहा. एकूण बेरीज पाणीपट्टीच्या शेजारी मांडा.

पाणी चांगलं आहे का

थोडक्यात सांगतो. पाणी बंद असताना लाइन रिकामी होते आणि गळतीच्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांचं पाणी गढूळ येतं. अंतर जितकं जास्त, तितका धोका जास्त. ओटी चाचणीत थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरिन आहे. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावं लागतं. शेवटच्या घरी मोजा, टाकीजवळ नव्हे. जंतू तपासायला बाजारात मिळणारी, दूषित पाण्याने एक-दोन दिवसांत काळी पडणारी बाटली सुरुवातीला पुरते. ती काळी पडली तर पाणी उकळायला लगेच सांगा, अहवालाची वाट बघू नका, आणि नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्या.

नावं जपा

बोळात कुणाची मोटार थेट लाइनला आहे, कुणाचं कनेक्शन कागदावर नाही, हे तुम्हाला कळणारच. ते नाव वहीत लिहू नका. घराला नंबर द्या, नंबर आणि नाव यांची यादी एकाच विश्वासू माणसाकडे ठेवा आणि काम संपल्यावर फाडून टाका. आधार क्रमांक घेऊ नका. गुंठेवारीतल्या किंवा अघोषित झोपडपट्टीतल्या लोकांना माहिती दिल्याची शिक्षा झाली, तर पुढच्या वीस वर्षांत तिथे कुणी दार उघडणार नाही, आणि त्यांचं ते बरोबरच असेल.

अहवाल आधी बोळात वाचा

मोजणी झाली की लगेच आयुक्तांना निवेदन द्यावंसं वाटतं. थांबा. आधी बोळात बसून आकडे मोठ्याने वाचा, तिन्ही-चारही भाषांत. आम्ही हे केलं नसतं तर मोठी चूक झाली असती.

आमची मागणी तयार होती : चार दिवसांनी दीड तास नको, दोन दिवसांनी पाऊण तास द्या. महापालिकेचं पाणी तेवढंच, लोकांची साठवणीची अडचण कमी. सगळ्यांना पटलं होतं. शेवटच्या घरातल्या अक्का म्हणाल्या, "आमच्याकडे पाणी पोचायलाच अर्धा तास लागतो. पाऊण तासात आमच्या घागरीत काय पडणार?"

वरचाच हिशेब पुन्हा करून पाहा. पाऊण तासातला अर्धा तास गेला, राहिली १५ मिनिटं. साडेसात लिटरने ११२ लिटर. दोन दिवसांनी, सहा माणसांत. माणशी नऊ लिटर. आमच्या मागणीने शेवटच्या घराचं पाणी निम्मं झालं असतं, आणि ती मागणी आम्ही न्यायासाठी म्हणून करत होतो.

मग मागणी बदलली. आधी बोळाच्या मध्यावर वेगळी चावी बसवून शेवटच्या भागाला पहिला अर्धा तास स्वतंत्र पाणी, मधल्या दोन गळती बंद, आणि हे झाल्यावर मगच दिवसांचं अंतर कमी करणं. तोंडाशी असलेल्या घरांना यात थोडं सोडावं लागणार होतं. त्यावर दोन संध्याकाळ वाद झाला. पण तो वाद बोळात झाला म्हणून महापालिकेत आम्ही एका आवाजात बोललो.

जाहीर संवाद कसा घ्यायचा

जागा आपल्या भागातली घ्या : समाजमंदिर, तालीम, शाळेचं पटांगण. वेळ अशी, की पाणी यायचा दिवस नसेल आणि यंत्रमागाची पाळी सुटलेली असेल. चावीवाला, कनिष्ठ अभियंता, झोन कार्यालयाचे अधिकारी आणि प्रभागातले सगळे नगरसेवक यांना लेखी बोलवा, किमान दहा दिवस आधी, सोबत दोन पानांचा अहवाल जोडून. २०१७ च्या रचनेत २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडले गेले, म्हणजे एका प्रभागात बहुधा चार जण. एकालाच बोलावलं तर विषय पक्षाचा होतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. तशा काळात तर ही बैठक अधिकच गरजेची असते, कारण विचारायला नगरसेवकच नसतो.

हार, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक काही नको. त्यात पाऊण तास जातो आणि स्त्रिया स्वयंपाकासाठी उठून जातात. खुर्च्या गोलात मांडा. पहिली बोलणार शेवटच्या घरातली बाई. मग अहवाल वाचायचा, दहा मिनिटांत. मग बोळातले इतर. अधिकारी शेवटी बोलतील, आणि त्यांना कुणी मधे तोडायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगा. चावीवाल्यावर लोक चिडतात. त्याला आधीच भेटून सांगा की ही बैठक त्याच्याविरुद्ध नाही. त्याच्याकडे चाव्या किती आणि मदतनीस किती, हेही सगळ्यांसमोर येऊ द्या.

भिंतीवर मोठा कागद लावा आणि प्रत्येक मागणी तीनपैकी एका रकान्यात घाला. झोन कार्यालय महिन्याभरात करू शकतं ते पहिल्या रकान्यात : गळती, चावीच्या वेळा, वेळापत्रकाची पाटी. दुसऱ्यात ज्याला अंदाजपत्रकात पैसे लागतील ते : नवी चावी, लाइन बदलणं. तिसऱ्यात राज्याच्या हातातलं : धरणातलं पाणी, मोठी जलवाहिनी. पहिल्या रकान्यात तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद तिथल्या तिथे लिहून घ्या. इतिवृत्त त्याच रात्री तयार करून दुसऱ्या दिवशी आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या.

अंदाजपत्रक, लोकशाही दिन आणि कायदा

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून दुसऱ्या रकान्यातल्या मागण्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये द्या. मार्चमध्ये दिलेलं निवेदन एक वर्ष मागे पडतं. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली. आपल्याकडेही ही पद्धत सुरू करावी, अशी मागणी प्रत्येक निवेदनात एका ओळीत लिहा.

झोन कार्यालयाने ऐकलं नाही तर लोकशाही दिन असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. त्यासाठी विहित नमुन्यात अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि आधी केलेल्या तक्रारीची प्रत जोडावी लागते. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असं ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. गावाला ग्रामसभा आहे तशी शहरातल्या मतदारांसाठी क्षेत्रसभा असावी, अशी तरतूद २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात आली. क्षेत्रसभा घ्या म्हणून लेखी मागणी करत राहा. ती मिळेपर्यंत आपली बोळातली बैठकच आपली क्षेत्रसभा आहे.

सोलापूरला संघटित होऊन काही मिळवणं नवीन नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदला. कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरं संघटनेच्या बळावर उभी राहिली, आणि त्यानंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी रे नगरच्या ३०,००० घरांचा प्रकल्प आला. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत काम करणाऱ्यांनी या वसाहतींचा अनुभव जरूर समजून घ्यावा. शहराच्या कडेला राहणाऱ्यांना पाणी कसं मिळतं, हे तिथल्या बायका कुठल्याही अहवालापेक्षा नीट सांगतील.

पुन्हा मोजा

गळती बंद झाली, चावी बसली की तीन महिन्यांनी तोच डबा, तीच घरं, त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. सुधारणा झाली असेल तर ती लिहून त्या कनिष्ठ अभियंत्याला आणि चावीवाल्याला पत्र द्या, त्याची प्रत वरच्या अधिकाऱ्याला. चांगलं काम केल्याचं पत्र त्यांना क्वचितच मिळतं. सुधारणा झाली नसेल तर दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी मांडून पुढची बैठक बोलवा, आणि वही त्याच अक्कांकडे ठेवा ज्यांच्या घरी पाणी सगळ्यात शेवटी पोचतं.